नकाशा कोणाचा, पाळत कोणावर?

मालवाहतुकीच्या धंद्यात गेल्या दहा वर्षांत एक मोठा बदल झाला आहे, आणि तो इतका गुपचूप झाला की आपल्या कामगार चळवळीने त्याची म्हणावी तशी दखलही घेतलेली नाही. पूर्वी ट्रकचालक हाती बिल्टी घेऊन निघे. कोणत्या धाब्यावर थांबावयाचे, कोणता घाट रात्री टाळावयाचा, कोणत्या गावाला बाजाराच्या दिवशी वळसा घालावयाचा हे त्याचे त्याला ठाऊक असे. माल वेळेत आणि शाबूत पोहोचला म्हणजे मालकाचे काम भागे. आज मोठ्या वाहतूक कंपन्यांनी चालकाच्या हाती मोबाइलवरील अ‍ॅप दिले आहे. मालाचा तपशील त्यात, पोहोचविल्याची पावती त्यात, आणि आता रस्ता दाखविणारी यंत्रणाही त्यातच. कोठे वळावे हे एक आवाज चालकाला सांगतो. तो तेथे न वळल्यास ती खबर पुण्यातल्या वा गुरुग्राममधल्या कचेरीत बसलेल्या कारकुनाच्या पडद्यावर त्याच क्षणी उमटते.

या बदलाकडे पाहण्याच्या दोन सोप्या तऱ्हा आहेत. एक वर्तमानपत्री कौतुकाची: विज्ञानाची झेप, कार्यक्षमता, वाचलेले डिझेल. दुसरी आपल्याकडील काही मित्रांची: हे सारे पाळतीचे यंत्र आहे, तेव्हा ते चालकाने फेकून द्यावे. दोन्ही तऱ्हा आळसाच्या आहेत. यंत्राला विरोध म्हणून विरोध करणे हे कामगार चळवळीने शहाणपणाचे कधीच मानले नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, तो रॅशनलायझेशनविरुद्ध होता. एका विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत अशी ती योजना होती. त्या कामगारांचे भांडण मागाशी नव्हते. तिसऱ्या मागाचे कापड कोणाच्या पदरात पडणार आणि त्यापायी कामावरून कोण जाणार, यावर ते भांडत होते. ट्रकच्या काचेला चिकटविलेल्या मोबाइलविषयी हाच प्रश्न विचारावयास हवा, आणि तो विचारण्यापूर्वी हे यंत्र चालते कसे ते समजून घ्यावयास हवे. त्याबाबतचे गैरसमज मालकांच्या फार उपयोगी पडतात.

जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली व्यवस्था आहे. सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे तिचे उपग्रह आपली वेळ आणि आपले स्थान अखंड प्रक्षेपित करीत असतात. खालचे उपकरण किमान चार उपग्रहांचे संकेत टिपते, प्रत्येक संकेत पोहोचावयास किती वेळ लागला यावरून अंतरे काढते, आणि स्वतःचे ठिकाण स्वतःच गणिताने ठरविते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. उपकरण केवळ ऐकते. उपग्रहाला ते उलट काहीही कळवीत नाही. आकाशवाणीच्या बातम्या ऐकणारा माणूस कोणत्या गावी बसला आहे हे जसे आकाशवाणीला कळत नाही, तसेच गाडी कोठे आहे हे उपग्रहाला कळत नाही. ‘वरून दिसते’ असे चालक म्हणतात, आणि मालकही त्यांना तसेच म्हणू देतात. पण वरून काहीही दिसत नाही.

मग मालकाला चालकाचा ठावठिकाणा कळतो कसा? उपकरणाने काढलेले ठिकाण दर काही सेकंदांनी मोबाइलच्या जाळ्यातून कंपनीच्या संगणकाकडे धाडावे, अशी आज्ञा त्या अ‍ॅपमध्ये कोणीतरी लिहिली आहे म्हणून. दर किती सेकंदांनी धाडावे, फेरी संपल्यावरही धाडावे की नाही, ते किती महिने साठवावे, कोणाला दाखवावे, हे सारे एका कचेरीतल्या बैठकीत ठरलेले असते. त्यात निसर्गनियम कोठेही नाही. जे बैठकीत ठरते ते दुसऱ्या बैठकीत बदलता येते. मात्र त्या दुसऱ्या बैठकीत चालकांचा माणूस बसलेला असला पाहिजे.

रस्ता दाखविण्याची सोय अशा अ‍ॅपमध्ये दोन प्रकारांनी आणतात. पहिल्या प्रकारात एक बटण असते. ते दाबले की चालकाच्या मोबाइलवरील नेहमीचा नकाशा उघडतो आणि पुढचे मार्गदर्शन तो नकाशा करतो. दुसऱ्या प्रकारात नकाशाच्या कंपनीकडून तयार संच विकत घेऊन तो आपल्या अ‍ॅपच्या पोटातच बसविला जातो. चालकाला हा फरक फारसा जाणवत नाही. कंपनीच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. पहिल्या प्रकारात गाडी कोठे आहे एवढे कळू शकते. चालकाला कोणता रस्ता सुचविला गेला होता आणि त्याने तो कोठे व किती वेळ सोडला, हे सहसा कळत नाही. दुसऱ्या प्रकारात सुचविलेला मार्ग, त्यापासूनचे प्रत्येक विचलन, अपेक्षित वेळ आणि लागलेला वेळ हे सारे कंपनीच्या दप्तरी जमा होते. दुसऱ्या प्रकाराचे खरे फायदेही आहेत, ते नाकारू नयेत. गाडी चालवीत असताना एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जाण्याची धोक्याची उठाठेव वाचते. गोदामाच्या पत्त्याऐवजी गोदामाचे मालाचे फाटक नकाशावर दाखविता येते. दहा ठिकाणी माल टाकावयाचा असेल तर सोयीचा क्रम लावून मिळतो. परंतु या फायद्यांच्या पाठीवर बसून विचलनाची नोंदही आत शिरते, आणि पुढे त्या नोंदीचाच दंड होतो.

आता या सगळ्याच्या मालकीविषयी. उपग्रहांचे संकेत फुकट आहेत. १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत हवाई हद्दीत भरकटलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर रेगन सरकारने ही लष्करी व्यवस्था पूर्ण झाल्यावर नागरी वापरास खुली करण्याची घोषणा केली. १९९५ साली ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. तरीही नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती मे २००० मध्ये क्लिंटन यांच्या आदेशाने थांबली. शहरातली गल्ली ओळखण्याइतकी अचूकता तेव्हापासून सर्वांना मिळाली, आणि आजचा हा सारा धंदा त्या एका सरकारी निर्णयावर उभा आहे. खर्च अमेरिकी करदात्याचा. आपल्या देशानेही सार्वजनिक पैशातून नाविक ही व्यवस्था उभारावयास घेतली. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सुटला. म्हणजे पाया सगळा सार्वजनिक. खासगी मालकी सुरू होते ती नकाशापासून.

हा नकाशा भाड्याने मिळतो. किती वेळा मार्ग विचारला, किती वेळा पत्ता शोधला यावर भाडे आकारले जाते. गूगलने २०१८ साली आपली दररचना बदलली, तेव्हा फुकट वापराची मर्यादा एकदम आखडली आणि कित्येक लहान उद्योगांचा हिशेब कोलमडला. उबर कंपनीने भांडवल बाजारात उतरताना दिलेल्या कागदपत्रांत २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत गूगलला नकाशांपोटी ५ कोटी ८० लाख डॉलर दिल्याची नोंद आहे. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये ओलाने गूगलचा नकाशा सोडून स्वतःचा वापरावयास घेतला. वर्षाला शंभर कोटी रुपये वाचतील असे त्या कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर केले. त्याच महिन्यात गूगलने भारतातले आपले दर सत्तर टक्क्यांपर्यंत उतरविण्याची घोषणा केली. जो दर प्रतिस्पर्धी उभा राहताच सत्तर टक्क्यांनी उतरविता येतो, तो खर्च पाहून बांधलेला नव्हता, एवढे तरी यावरून उघड होते. जमीनदाराच्या खंडाला जे अर्थशास्त्र लागू होते तेच याला लागू आहे.

आणि या जमिनीची मशागत कोण करतो? नकाशावर रस्ता लाल, पिवळा वा हिरवा दिसतो, तो त्या रस्त्यावरून जाणाऱ्या असंख्य मोबाइलच्या वेगावरून. कळंबोलीहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेत अडकलेला चालक तेथे नुसता ताटकळत नसतो. तो त्या नकाशात माहिती भरीत असतो, आणि त्याबद्दल त्याला एक पैसाही मिळत नाही. ती माहिती कंपनीला भाड्याने दिली जाते आणि ते भाडे अखेर वाहतुकीच्या दरातून, म्हणजे चालकाच्या आणि लहान गाडीमालकाच्या वाट्यातून जाते. याला पर्याय नाही असे नाही. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून केलेला, सर्वांना खुला असलेला नकाशा आहे. त्यावर चालणाऱ्या मार्ग काढण्याच्या प्रणालीही परवान्याचे शुल्क न देता वापरता येतात. एस. टी. महामंडळासारख्या सार्वजनिक संस्थेला, किंवा वाहतूकदारांच्या सहकारी संस्थेला, परकी नकाशाचा खंड भरण्याची सक्ती कोणीही केलेली नाही.

परंतु नकाशा खुला असला म्हणून तो आपोआप खरा होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि तिघे ठार झाले. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. नकाशात तो अखंड होता, आणि रस्त्यावर पुरेसा अडथळा नव्हता. पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदविला. आपल्याकडे अकोले तालुक्यात जानेवारी २०२१ मध्ये नकाशाने दाखविलेल्या रस्त्याने जाणारी मोटार रात्री पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात शिरली आणि एकाला जलसमाधी मिळाली. धरण भरले की तो रस्ता पाण्याखाली जातो, हे त्या पंचक्रोशीत शेळ्या वळणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. दोन्ही वेळी चर्चा झाली ती परदेशी कंपनीच्या चुकीची. पूल तुटल्याचे, रस्ता बुडाल्याचे जगाला कळविण्याची पहिली जबाबदारी रस्ता ज्याचा त्या खात्याची होती, याचा उल्लेख फारसा कोणी केला नाही. कोणत्या पुलाखालून किती उंचीची गाडी जाते, कोणत्या मोरीवर किती भार चालतो, कोणता घाट कधी बंद असतो, ही माहिती सरकारी खात्यांच्या फायलींत आहे. ती खुली करून दररोज अद्ययावत ठेवणे हे राज्याचे काम आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरची परवान्यांची बंधने सैल केली हे चांगलेच झाले. मात्र बंधने काढणे वेगळे आणि माहिती देणे वेगळे.

त्या दोन्ही मोटारी होत्या. ट्रकचे दुखणे याहून निराळे आहे. रोजच्या वापरातला नकाशा मोटारीसाठी घडविलेला आहे. पंचवीस टनांचा माल, चौदा फूट उंची, ट्रेलरला वळावयास लागणारी जागा, धोकादायक रसायनाला असलेली बंदी हे त्याच्या हिशेबात नसते. ट्रकसाठीचे वेगळे मार्गदर्शन विकणाऱ्या कंपन्या आहेत. ते महाग पडते म्हणून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मोटारीच्या नकाशावरच ट्रक हाकले जातात. मग ‘वीस मिनिटे वाचतील’ असे सांगून यंत्र अवजड गाडीला एखाद्या अरुंद घाटात घालते. जुना चालक त्या आवाजाकडे दुर्लक्ष करून महामार्गावरून जातो, आणि त्याच्या नावावर ‘मार्ग सोडला’ अशी नोंद होते. नवा चालक आवाजाचे ऐकतो आणि वळणावर अडकतो. मग चूक कोणाची धरावयाची?

येथे गणिताविषयी थोडे बोलणे भाग आहे. जवळचा मार्ग काढण्याची मूळ रीत डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ साली शोधली आणि १९५९ साली प्रसिद्ध केली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, असा त्याचा साधा प्रश्न होता. आजच्या यंत्रणा कितीही गुंतागुंतीच्या झाल्या तरी मुळात तेच करतात: रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एक किंमत लिहावयाची आणि एकूण किंमत किमान होईल असे तुकडे जोडावयाचे. ही बेरीज यंत्र बिनचूक करते. पण किंमत कशाला म्हणावयाचे हे यंत्र ठरवीत नाही. वेळ, टोल आणि डिझेल या तीन गोष्टी किमतीत धरल्या जातात. चालकाची झोप धरली जात नाही. आंघोळीला पाणी आणि गाडी उभी करावयास सुरक्षित जागा असलेला थांबा धरला जात नाही. या गोष्टी आकड्यांत बसविणे अवघड आहे म्हणून त्या वगळल्या जातात असे समजू नये. टोलइतक्याच सहजपणे त्याही बसविता येतात. त्या बसविल्या तर पोहोचण्याची अपेक्षित वेळ लांबते आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द महाग पडतो, हे त्यामागचे कारण आहे.

अपेक्षित वेळ हा या सगळ्यातला खरा मुकादम आहे. पडद्यावर ‘पोहोच सकाळी ६.१०’ असे दिसते. ती वेळ कोणी हुकूम म्हणून दिलेली नसते, पण प्रत्येक थांब्याबरोबर ती पुढे सरकते, आणि ती सरकली की कचेरीतून फोन येतो. आपल्या राज्यकर्त्यांनीही या मुकादमाला साथच दिली आहे. एप्रिल २०१८ मध्ये ई-वे बिल आले, तेव्हा त्याची मुदत दर शंभर किलोमीटरला एक दिवस अशी होती. जानेवारी २०२१ पासून ती दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी केली गेली. करचुकवेगिरी रोखणे हा हेतू असेल. पण या एका फेरबदलाने, रस्ते आणि चालक होते तेच असताना, कागदावरचा वेग दुप्पट झाला, आणि ज्यांना गाडी हाकावयाची होती त्यांना कोणी विचारले नाही.

पुण्याच्या बाह्यवळणावर नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला आहे. तेथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन भीषण अपघात झाले, माणसे मेली. चालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, हे कारण पोलीस वारंवार सांगतात. कारण खरे आहे. पण चालक तसे का करतो? कारण कित्येक मालक फेरीला डिझेल मोजून देतात. गाडीचे अ‍ॅव्हरेज कमी पडले तर फरक चालकाच्या पगारातून कापतात आणि वाचले तर ती त्याची चार पैशांची कमाई. गाडीच्या संगणकाला जोडलेल्या यंत्रणेला न्यूट्रल ओळखता येते. ती ओरडेल, नोंद करील, चालकाला दंडही लावील. डिझेलची कापणी मात्र तशीच चालू राहील. त्या उताराच्या सुरक्षिततेसाठी सूचनांचे फलक लागले, वेगमर्यादा आल्या, कॅमेरे आले. डिझेल कापणारा हिशेब अद्याप कोणी तपासलेला नाही.

पाळत वाढविली आणि वेतनाची पद्धत तीच ठेवली तर काय होते, याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आहे. तेथे डिसेंबर २०१७ पासून ट्रकांना कामाचे तास आपोआप नोंदणारे उपकरण सक्तीचे झाले. अकरा तासांहून अधिक गाडी चालविता येऊ नये हा उद्देश. तासांच्या नियमाचे भंग खरोखर घटले. पण अपघात घटल्याचे तेथील अभ्यासकांना आढळले नाही. उलट लहान कंपन्यांच्या चालकांत वेगमर्यादा ओलांडण्याचे प्रमाण वाढले. वेतन मैलांवर मिळते आणि घड्याळ थांबत नाही, तेव्हा माणूस वेगाने जातो. त्यासाठी अभ्यासाचीही गरज नव्हती, कोणत्याही धाब्यावर हे कळले असते. युरोपात चित्र थोडे बरे आहे. साडेचार तास गाडी चालविली की पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती, दिवसाला साधारणपणे नऊ तासांची मर्यादा, आणि २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ठिकाणासह हे सारे नोंदणारे यंत्र. ती नोंद सरकारी तपासनीस पाहतात आणि जादा राबविणाऱ्या मालकालाही तिच्या आधारे जाब विचारता येतो. तोच उपग्रह आणि तोच संकेत, पण नोंद कोण वाचतो यावरून तिचे टोक कोणाकडे वळते ते ठरते.

आपल्याकडे कायदा नव्हता काय? १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले होते. मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमातही चालकाच्या तासांचा विषय आहे. १९६१ चा कायदा पुढे २०२० च्या संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. जुन्या कायद्याचे दुखणे दुहेरी होते. पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच तो लागू असे, आणि या देशातले बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे आहेत. शिवाय हजेरीचे पुस्तक मालकाच्या हातचे. अमुक चालकाने सलग चौदा तास गाडी चालविली हे सिद्ध करण्यास पुरावाच नसे. आज तो पुरावा सेकंदासेकंदाने साठतो आहे. त्या नोंदीवरून चालकाचा भत्ता कापला गेल्याची उदाहरणे कोणताही चालक सांगेल. त्याच नोंदीवरून मालकावर जादा तासांचा खटला झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. कामगार चळवळीने आपले सारे लक्ष या एका विसंगतीवर केंद्रित करावे असे मला वाटते.

अपघातानंतरचाही प्रश्न आहे. भारतीय न्याय संहितेतील १०६ (२) या कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या. अपघात करून खबर न देता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम. थांबलो तर जमाव मारतो, हे चालकांचे म्हणणे होते. सरकारने माघार घेतली आणि जुलै २०२४ मध्ये संहिता लागू करताना ते कलम तेवढे बाजूला ठेवले. अशा प्रसंगी गाडीचा वेग किती होता, ती कोठे थांबली, चालकाने किती वाजता कळविले हे सांगणारी नोंद चालकाची सर्वांत मोठी साक्षीदार ठरू शकते. पण ती नोंद मालकाच्या ताब्यात असते, आणि मालकाचे हित चालकाच्या हिताशी जुळेलच असे नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही येथे चालकाला उघडे टाकले आहे. नोकरीच्या कारणासाठी, अथवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा त्या कायद्याच्या सातव्या कलमात आहे.

इतरत्र कामगारांनी यातून वाट काढली आहे. अमेरिकेतील यूपीएस या टपाल-पार्सल कंपनीने आपल्या गाड्यांना मार्ग आखून देणारी प्रणाली आणली. वर्षाला दहा कोटी मैल वाचतात असा तिचा दावा आहे. तेथील टीमस्टर्स संघटनेने ती प्रणाली मोडीत काढण्याचा आग्रह धरला नाही. तिने करारात कलम घालून घेतले: केवळ जीपीएसच्या माहितीवरून, पहिल्याच चुकीसाठी, अप्रामाणिकपणाचा प्रकार नसेल तर कोणालाही कामावरून काढता येणार नाही. २०२३ च्या करारात चालकाच्या तोंडावर रोखलेल्या कॅमेऱ्यालाही बंदी आली. ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये उबर आणि ओलाच्या चालकांच्या दाव्यांत निकाल दिला, की यंत्राने घेतलेल्या निर्णयांमागची माहिती चालकांना द्यावी लागेल. ‘धंद्याचे गुपित’ ही सबब तेथे पुरी पडली नाही. या दोन्ही गोष्टी संघटित चालकांनी मिळविल्या, हे सांगावयास नकोच.

आपला ट्रकचालक मात्र विखुरलेला आहे. आज या मालकाकडे, उद्या त्या. त्याच्यासाठी करार कोण करणार? याचे उत्तर शोधावयास महाराष्ट्राला परदेशी जाण्याचे कारण नाही. १९६९ सालच्या माथाडी कायद्याने नेमका हाच पेच सोडविला होता. ज्याला एक ठराविक मालक नाही अशा हमालाची नोंदणी मंडळाने केली, मालकांनी मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे भरली, आणि मंडळाने ती कामगाराला दिली. त्या मंडळांची आजची अवस्था काय आहे ते आपण जाणतो. त्यातील भ्रष्टाचारावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण कल्पना आजही धडधाकट आहे. मालवाहतुकीच्या अ‍ॅपमधून निघणाऱ्या नोंदीची एक प्रत अशा त्रिपक्षीय मंडळाकडे जावी. चालकाला ती त्याच्या भाषेत, मागेल तेव्हा मिळावी. फेरी संपली की ठिकाण धाडणे बंद व्हावे. घरी झोपलेल्या माणसाचा पत्ता कंपनीला कशाला हवा? मार्ग सोडल्याबद्दल दंड करण्यापूर्वी चालकाचे कारण ऐकून नोंदले जावे, आणि ते कारण योग्य असेल तर नकाशा दुरुस्त व्हावा. आणि पोहोचण्याची वेळ सांगताना कायद्याने ठरलेली विश्रांती तिच्यात आधीच मिळविलेली असावी. ही शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती मान्य झाली तर गिऱ्हाइकाला शब्द देतानाच झोपेचे तास मोजले जातील, आणि त्यांची किंमत दर ठरविणाऱ्याला मोजावी लागेल.

लहान गाडीमालक यावर म्हणतील, आमचे डिझेल चोरीला जाते, माल परस्पर विकला जातो, आम्ही डोळे मिटून बसावे काय? त्यांचे म्हणणे खोटे नाही. एका ट्रकच्या कर्जाखाली दबलेला मालक हा भांडवलदार नव्हे; पुष्कळदा तोच चालकही असतो, आणि दलालाच्या अ‍ॅपवर त्यालाही तोच आवाज हाकीत असतो. गाडी आणि माल कोठे आहे हे कळण्याचा त्याचा हक्क मान्य करूनही वरची प्रत्येक मागणी टिकते. तसेच प्रवासी वाहनांचे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर बस आणि टॅक्सींमध्ये ठिकाण सांगणारे यंत्र आणि धोक्याचे बटण बसविण्याचा नियम झाला, तो स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यकच होता. ते बटण दाबल्यावर पलीकडे कोणी जागे असते काय, हा वेगळा लेखाचा विषय आहे.

आपल्या कार्यकर्त्यांपुढचे काम सध्या फार साधे आहे. कळंबोली, वाशी आणि न्हावा शेवा येथे गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. तेथे आठ दिवस बसून शंभर चालकांकडून एवढेच समजून घ्यावे: कोणाचे अ‍ॅप, रस्ता अ‍ॅपच्या आत की बाहेरच्या नकाशावर, फेरी संपल्यावर ठिकाण बंद होते की नाही, गेल्या महिन्यात पगारातून कशापायी किती कापले, आणि कापताना कागद दाखविला काय. चालक वेगवेगळ्या प्रांतांतले असतील, म्हणून हिंदी नीट बोलणारा एक जण बरोबर असावा. जे चालक तयार असतील त्यांच्यातर्फे आपापल्या कंपनीकडे गेल्या तीस दिवसांच्या नोंदीची प्रत लेखी मागावी. ज्या कंपन्या देतील त्यांच्या नोंदीवरून तासांचा हिशेब मांडून तो कामगार आयुक्तांकडे न्यावा. ज्या देणार नाहीत त्यांची उत्तरे जपून ठेवावीत. पुढच्या बैठकीत ती लागतील.